शिकार झाली? मग उद्या पाचच्या आत सांगा

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीचा शनिवार उजाडला की अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं आमचं गाव नारंगी होऊन जातं. पेट्रोल पंपावर, कॉफीच्या रांगेत, किराणा दुकानात, जिकडे बघावं तिकडे भडक नारंगी जाकिटं. दहा वाजले की फोन वाजायला लागतात. कुणाच्या मुलीनं आयुष्यातलं पहिलं हरीण टिपलेलं असतं, कुणाच्या मेहुण्याला दहा टोकांच्या शिंगांचा नर मिळालेला असतो. आमच्या शेजारचे आजोबा जन्मभर दुधाचा धंदा केलेले. तेही त्या आठवड्यात फोन घेऊन कुंपणापाशी येतात आणि फोटो दाखवतात.

पहिल्या वर्षी मी त्यांचा एक फोटो साताऱ्याला आईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "अगं, पोलीस धरत नाहीत का त्यांना?"

तिचा प्रश्न रास्तच होता. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून शिकार म्हटलं की गुन्हा, खटला, जामीन हेच आठवतं. केलेली शिकार कुणी बोलून दाखवत नाही. इथे नेमकं उलटं आहे. इथे शिकार लपवणं हा गुन्हा. हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ते राज्याच्या निसर्ग संसाधन विभागाला कळवावंच लागतं. मित्रांना फोटो पाठवणं ज्याच्या त्याच्या हौसेचा भाग, पण ही नोंद सक्तीची. ती सक्तीची का आहे, तिचं पुढे काय होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. कळल्यावर मात्र ते फोटो मी वेगळ्याच नजरेनं बघायला लागले.

आधी हंगामाबद्दल. बंदुकीनं हरीण मारण्याचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नंतरच्या रविवारी संपतो. धनुष्यबाणाचा हंगाम मोठा, सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत. शिकारीसाठी परवाना लागतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो मिळण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. परवान्याबरोबर ठरावीक हरणांची परवानगी मिळते, आणि प्रत्येक परवानगीला स्वतःचा क्रमांक असतो. शिंगं असलेल्या नराची परवानगी वेगळी, शिंगं नसलेल्या हरणाची, म्हणजे मादीची किंवा पाडसाची, वेगळी. मादीची परवानगी बहुतेक वेळा एका ठरावीक काउंटीपुरतीच चालते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा तालुका समजा.

नारंगी कपड्यांची सक्ती १९८० पासूनची. हरणाला लाल आणि हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याला ते जाकीट मळकट वाटतं. माणसाला मात्र ते झाडीतूनही लांबून दिसतं, आणि चुकून माणसावर गोळी चालायचा धोका कमी होतो. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो.

हे एवढं मोजूनमापून का, याचं उत्तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रानातलं मांस बाजारात विकलं जायचं. रेल्वे आली, बर्फात घालून मांस शहरात पाठवता येऊ लागलं, आणि शिकार हा घाऊक धंदा झाला. आकाश झाकून टाकणारे प्रवासी पारव्यांचे थवे होते; त्या जातीतला शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कोट्यवधी बायसन, म्हणजे इथले रानगवे, काही शेकड्यांवर आले. पांढऱ्या शेपटीची हरणं, ज्यांच्याबद्दल हा सगळा लेख आहे, १९०० च्या सुमारास देशभरात मिळून पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात सांगतात.

मधल्या काळात झालेल्या बदलांमधला एक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रानातलं मांस विकणं बंद झालं. १९०० च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याराज्यांमधली वाहतूक आणि विक्री हा केंद्राच्या पातळीवरचा गुन्हा ठरवला, आणि राज्यांनी आपापले नियम कडक केले. इथल्या हॉटेलात हरणाचं मांस मिळालं तर ते पाळलेल्या हरणाचं असतं. रानातलं हरीण तुम्ही खाऊ शकता, वाटू शकता, दान देऊ शकता, विकू शकत नाही. पैसा बाहेर काढला आणि लोभाची एक मोठी वाटच बंद झाली.

दुसरा बदल पैशाच्या येण्याचा. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो. पुढे पिस्तुलं आणि धनुष्यबाणही कराखाली आले. तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो, निम्मा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा शिकारीचे परवाने घेणाऱ्यांच्या संख्येवर. इथले शिकारी "जंगल आमच्या पैशावर चालतं" असं अभिमानानं सांगतात. त्यात बरंच तथ्य आहे. फक्त आजकाल त्या करातला मोठा भाग कधीही शिकारीला न जाणाऱ्या बंदूक-खरेदीदारांकडून येतो, हेही सांगायला हवं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. रानातली हरणं मोजायची कशी?

गाईगुरं दावणीला असतात, मोजता येतात. हरीण झाडीत असतं, रात्री फिरतं, माणूस दिसला की पळतं. राज्यभर फिरून एकेक हरीण मोजणं शक्य नाही. मग विस्कॉन्सिननं काय केलं, तर मेलेल्या हरणांवरून जिवंत हरणांचा हिशोब मांडला. नर-मादी, वय आणि शिकारीचा आकडा या तीन गोष्टींवर तो उभा आहे. सोपं उदाहरण घेऊ. यातले आकडे समजावण्यापुरतेच आहेत.

समजा एका काउंटीत हंगामात १,००० प्रौढ नरांची नोंद झाली. त्यातल्या काहींचे जबडे तपासले. हरणाचं वय दातांवरून कळतं: तिसरी पुढची दाढ दुधाची असेल तर तिला तीन उंचवटे असतात, आणि दीड वर्षाच्या आसपास ती पडून दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. तपासणीत दिसलं की मारलेल्या प्रौढ नरांपैकी निम्मे दीड वर्षाचे, म्हणजे यंदाच प्रौढांत आलेले. संख्या दरवर्षी साधारण स्थिर असेल, तर जेवढे नवे आले तेवढेच जुने गेले असणार. म्हणजे निम्मे नर दरवर्षी मरतात. या मरणाऱ्यांपैकी शंभरात ऐंशी शिकारीत जातात आणि बाकीचे गाडीखाली येऊन, थंडीनं किंवा लांडग्यांच्या तावडीत सापडून, असं इतर अभ्यासावरून धरलं, तर शिकारीत दरवर्षी शंभरातले चाळीस नर जातात. चाळीस टक्के म्हणजे १,०००, तर हंगामाआधी एकूण नर होते २,५००.

मग माद्या. नरामागे दीड मादी धरली तर ३,७५०. पाडसं किती, ते उन्हाळ्याअखेर कळतं. तेव्हा सामान्य लोकही रस्त्यावरून, शेतावरून दिसलेल्या माद्या आणि पाडसं मोजून विभागाला कळवतात. त्या उपक्रमाला ऑपरेशन डिअर वॉच म्हणतात. मादीमागे एक पाडस निघालं तर पाडसं ३,७५०. एकूण बेरीज १०,०००. हजार नरांच्या नोंदीवरून दहा हजारांचा कळप उभा राहिला.

आता या हिशोबातली एक वीट काढून बघा. शंभर शिकाऱ्यांनी आळस केला आणि नोंद केली नाही, तर १,००० चे ९०० होतात आणि अंदाजातून हजार हरणं गायब होतात. पुढच्या वर्षी परवानग्या कमी होतील, हरणं वाढतील, शेतातला मका जाईल, रस्त्यावर अपघात होतील. म्हणूनच पाचच्या आतली सक्ती. ही नोंद आता संगणकावर किंवा फोनवर दोन-तीन मिनिटांत होते. परवानगीचा क्रमांक, नर की मादी, कुठल्या काउंटीत, एवढी माहिती दिली की झालं.

२०१५ च्या आधी असं नव्हतं. तेव्हा हरीण गाडीत घालून नोंदणी केंद्रावर न्यावं लागायचं. केंद्र म्हणजे बहुतेकदा गावातला बार, पेट्रोल पंप किंवा शिकारीच्या सामानाचं दुकान. तिथे गर्दी जमायची, मुलं हरणाच्या शिंगाला हात लावून बघायची, काही ठिकाणी विभागाचा माणूस जबडा उघडून वय सांगायचा. आपल्याकडे चावडीवर जशी गावभरची बातमी कळते तसं ते होतं. आजोबा त्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. घरबसल्या नोंद सोयीची आहे हे त्यांना मान्य आहे, पण "एकमेकांना सांगायला आता जागाच उरली नाही" असं ते म्हणतात. फोटोंचा पूर का आला, हे मला त्या वाक्यानं कळलं. चावडी गेली, तिची जागा फोननं घेतली. दात बघण्याचं कामही हललं. आता विभागाची माणसं मांस कापून देणाऱ्यांच्या दुकानात उभी राहून जबडे तपासतात.

इथे एक अडचण आहे, आणि ती फोटोंशी जोडलेली आहे.

फोटोत कोण असतं? शिंगांचा मोठा नर. मादीचा फोटो फार कमी लोक पाठवतात, आणि पाठवलाच तर "फ्रीझरसाठी" अशी ओळ जोडतात, जणू कारण द्यायला हवं. पण कळप वाढतो की घटतो हे माद्यांवर ठरतं. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. निम्मे नर गेले तरी पुढच्या वसंतात पाडसं जवळजवळ तेवढीच होतात. माद्या कमी झाल्या तरच संख्या खाली येते.

ही गोष्ट पटवायला विस्कॉन्सिनला जड गेलं. चाळीसच्या दशकात उत्तरेकडच्या रानात हरणं एवढी झाली की ती कोवळी झाडं सोलून खायची आणि हिवाळ्यात उपाशी मरायची. इथल्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक असलेले आल्डो लिओपोल्ड माद्या मारायला परवानगी द्या म्हणून बाजू मांडत होते. १९४३ मध्ये ती मिळाली आणि त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त हरणं मारली गेली. लोक खवळले. त्या हंगामाचं नाव आजही "क्राइम ऑफ फॉर्टी-थ्री", म्हणजे त्रेचाळीसचा गुन्हा, असंच घेतात. पुढे १९९६ पासून काही भागांत "आधी मादी, मग नर" असा नियम आला: शिंगं नसलेलं एक हरीण नोंदवल्याशिवाय नर मारता येणार नाही. हरणं कमी करायला तो नियम उपयोगी होता, पण शिकाऱ्यांना अजिबात आवडला नाही. २०११ मध्ये विधिमंडळानं तो रद्द केला. माझ्या मते तो चांगला नियम होता.

अलीकडे बरेच शिकारी लहान नर सोडून देतात, तो मोठा होईल या आशेनं. ऐकायला छान वाटतं, पण वरचा हिशोब आठवा. दीड वर्षाचे नर रानात तेवढेच असूनही लोकांनी त्यांच्यावर गोळीच झाडली नाही, तर तपासलेल्या जबड्यांत त्यांचं प्रमाण पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर येतं. हिशोब म्हणतो, नर कमी मरतायत. मग शिकारीचा वाटा बत्तीस टक्के, आणि तेवढ्याच १,००० नोंदींवरून एकूण नर निघतात ३,१२५. कळप कागदावर १२,५०० चा झाला, रानात एकही पाडस न वाढता. मोठ्या शिंगांच्या फोटोची हौस अशी थेट मोजणीत शिरते. तज्ज्ञांना हे ठाऊक असतं, म्हणून ते एकाच वर्षाच्या आकड्यावर विसंबत नाहीत.

शिंगांचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. ही शिंगं आपल्या चितळ-सांबराच्या जातीची. काळविटासारखी कायमची नव्हेत, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. वसंतात वाढायला लागतात, वर मखमलीसारखी कातडी असते, उन्हाळा सरताना ती घासून निघते आणि आत निव्वळ हाड उरतं. चार-पाच महिन्यांत एवढं हाड तयार होणं ही प्राणिजगतातली विलक्षण गोष्ट आहे. त्यांची मोजणी करायचं शास्त्र बून अँड क्रॉकेट क्लबनं बसवलं. हा क्लब १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी काढला. त्याची आजची गुणपद्धत १९५० ची. शिंगं किमान साठ दिवस वाळल्यावरच अधिकृत मापं घेतात, कारण ओली शिंगं आकसतात. मुख्य दांड्याची लांबी, टोकांची लांबी, जाडी, दोन शिंगांमधलं अंतर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत. डाव्या-उजव्यात फरक असेल तर गुण कापले जातात.

या मोजणीच्या इतिहासातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नोव्हेंबर १९१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या डॅनबरी गावाजवळ जेम्स जॉर्डन नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणानं एक प्रचंड नर मारला. डोकं पेंढा भरून टिकवायला एका कारागिराकडे दिलं. कारागीर गाव सोडून गेला आणि डोकं जॉर्डनला परत मिळालंच नाही. जवळजवळ अर्ध्या शतकानं मिनेसोटातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत कुणीतरी ते तीन डॉलरला विकत घेतलं. १९६४ मध्ये मापं घेतली तेव्हा लोक चाट पडले: पांढऱ्या शेपटीच्या हरणांतला तो जागतिक विक्रम होता. शिकारी कोण, तर अज्ञात. जॉर्डननं ते डोकं पाहिलं आणि ओळखलं. पण त्याच्याकडे १९१४ ची नोंद नव्हती, फोटो नव्हता, होता फक्त शब्द. क्लबनं त्याचं म्हणणं मान्य केलं ते डिसेंबर १९७८ मध्ये. जॉर्डन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला होता. त्या शिंगांचे गुण २०६ पूर्णांक एक अष्टमांश. तो विक्रम १९९३ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचवानमधल्या एका नरानं मोडला.

फोटोत न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि हल्ली इथल्या शिकाऱ्यांना तिचीच धास्ती जास्त. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. हरणाला झिजवत नेणारा मेंदूचा रोग. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. याचं कारण जंतू नाही, विषाणूही नाही. प्रायॉन नावाचं एक प्रथिन असतं, त्याची घडी चुकलेली असते. साडीची घडी एकदा उलटी पडली की वरच्या साड्याही तशाच बसतात, तसं हे चुकीच्या घडीचं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनांना आपल्यासारखं करत जातं, आणि मेंदूत स्पंजसारखी भोकं पडतात. शिजवून ते मरत नाही, मुळात ते जिवंतच नसतं. मातीत वर्षानुवर्षं टिकतं. आणि लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष ठणठणीत दिसतं. सगळ्यात देखणा फोटो आजारी हरणाचाही असू शकतो.

माणसाला हा रोग झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही. तरीही आरोग्य यंत्रणांचा सल्ला स्पष्ट आहे: तपासणीत रोग निघाला तर ते मांस खाऊ नका. म्हणून हंगामात रस्त्याच्या कडेला लहान टपऱ्या उभ्या राहतात. शिकारी हरणाचं डोकं आणि थोडी मान पिशवीत घालून, नोंदणीचा क्रमांक लिहून तिथे ठेवतो. प्रयोगशाळेत घशाजवळच्या लसिकाग्रंथी तपासल्या जातात. तपासणी फुकट. उत्तर यायला साधारण दोन आठवडे. तोवर मांस फ्रीझरमध्ये, प्रत्येक पुडक्यावर कुठल्या हरणाचं ते लिहून, कारण दोन हरणांचं मांस मिसळलं आणि एकात रोग निघाला तर सगळंच टाकावं लागतं.

एका मोठ्या हरणाचं वीस-पंचवीस किलो मांस निघतं. विकता येत नाही, म्हणून ते वाटलं जातं. राज्यात २००० पासून दानाची सोय आहे: हरीण ठरलेल्या खाटकाकडे द्यायचं, ते मांस अन्नछत्रांकडे जातं. यातही काळजी घ्यावी लागते. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि अन्नछत्रांना तो टाकून द्यायला सांगितलं, तेव्हापासून काही शिकारी तांब्याच्या गोळ्या वापरतात. इथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत आपला शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. न्यायालयानं १९८३ मध्ये तो मान्य केला. त्यांच्यात मुलाची पहिली शिकार सगळ्यांना वाटून द्यायची रीत आहे. माझं आजोळ गुहागरकडचं. पूर्वीच्या पारधीत हाकेकऱ्यांचा वाटा कसा ठरलेला असे ते आजी सांगायची; मांस घरी आणण्याआधी वाटे पडायचे.

गेल्या वर्षी आजोबा दोन पुडकी घेऊन आले. वर तारीख, काउंटीचं नाव आणि परवानगीचा क्रमांक. म्हणाले, "अजून रिपोर्ट यायचाय, तोवर हात लावू नकोस." बाराव्या दिवशी कुंपणापाशी फोन घेऊन उभे राहिले, या वेळी फोटोऐवजी प्रयोगशाळेचं उत्तर दाखवायला. रोग नाही.

या मांसाला चरबी जवळजवळ नसते, घाईत केलं तर वातड होतं. मी दह्यात मुरवलं, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावलं, कुकरच्या सहा शिट्ट्या केल्या, आणि ताटाचा फोटो आईला पाठवला. पोलिसांची चौकशी आता ती करत नाही.

"नर होता की मादी?" तिनं विचारलं.

"मादी," मी लिहिलं.